भीती ओसरण्याचे जीवशास्त्र

वाघाची चाहूल लागल्यापासून रक्तातले कॉर्टिसॉल शिगेला पोचेपर्यंत साधारण पंधरा ते तीस मिनिटे जातात. या पुस्तकाचा विषय काय आहे हे समजायला एवढा एक आकडा पुरेसा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

मार्च सरत आला की राजुरा, विरूर, जिवतीच्या रानांत मोहफुले गळू लागतात. उन्हे चढायच्या आत ती वेचायची, म्हणून बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते. त्या काळ्या जमिनीवर पिवळट फुले उठून दिसतात आणि वेचणारी बाई कितीतरी वेळ कमरेत वाकून असते. अशात कुठे वानर खाकरू लागते, चितळ ओरडते. बाईचे हात जागच्या जागी थांबतात. छातीत धडधड, हातापायांत एकाएकी आलेले बळ, कोरडी पडलेली जीभ हे सगळे अ‍ॅड्रेनालिनचे आणि नसांचे काम; ते काही सेकंदांत उरकते. त्याच क्षणी मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला निरोप धाडतो, पियुषिका मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना धाडते, आणि त्या ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करायला घेतात. इथे ‘तयार करायला’ हे शब्दशः खरे आहे. अ‍ॅड्रेनालिन ग्रंथीत भरून ठेवलेले असते. कॉर्टिसॉलचा साठा नसतो. ते कोलेस्टेरॉलपासून दर वेळी नव्याने घडवावे लागते. ते रक्तात उतरणार, मेंदूत शिरणार, पेशीच्या केंद्रकापर्यंत जाणार, तिथे जनुके चालू किंवा बंद होणार आणि त्यांच्यावरून नवी प्रथिने बनणार. यात तास जातात. तोवर बाईने हाक दिलेली असते, सोबतिणी गोळा झालेल्या असतात, वाघ आला असला तर निघूनही गेलेला असतो, आणि घरी चहा होऊन गेलेला असतो.

मग जनुकांवरचे हे काम वाघापासून पळण्यासाठी नाही, हे उघड आहे. ते पुढच्यासाठी आहे. खर्च झालेली साखर भरून काढणे, सुटलेली सूज आवरणे, कुठल्या झाडापाशी काय झाले ते लक्षात ठेवणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा सगळा गोंधळ आता थांबवा असा निरोप उलट वाटेने हायपोथॅलॅमसला आणि पियुषिकेला पोचवणे. ताणाचे संप्रेरक म्हणून ज्याची बदनामी झाली, त्याचे मोठे काम ताण संपवण्याचे आहे. ते काम ज्या प्रथिनांमार्फत होते त्यांना ग्राही म्हणतात. हे पुस्तक त्या ग्राहींविषयी आहे.

कॉर्टिसॉल मेदाळ रेणू असल्यामुळे पेशीच्या पडद्यातून सहज आत जाते. आत, पेशीद्रवात, ग्राही एचएसपी-90 नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या आधाराने विशिष्ट आकारात धरून ठेवलेला असतो. कॉर्टिसॉल त्याच्या खोबणीत बसले की ग्राहीचा आकार बदलतो आणि काही मिनिटांत तो केंद्रकात पोचतो. तिथे त्याच्या मधल्या भागातल्या, जस्ताच्या दोन अणूंनी आकार दिलेल्या घड्या डीएनएवरची एक ठरावीक खूण शोधतात. ती खूण पंधरा अक्षरांची असते: सहा अक्षरे, मध्ये कोणतीही तीन, आणि पुन्हा सहा अक्षरे, पहिल्यांच्या उलट क्रमात जुळणारी. अशा दोन अर्ध्या खुणांवर दोन ग्राही जोडीने बसतात. बसल्यावर ते इतर प्रथिनांना बोलावतात, आणि जवळच्या जनुकाचे वाचन वाढते किंवा घटते. काही वेळा ग्राही डीएनएला थेट धरतही नाही. सुजेची जनुके चालवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटून तो त्याचेच काम अडवतो.

एकच रेणू यकृतात साखर वाढवतो, फुप्फुसात सूज उतरवतो आणि मेंदूत आठवण पक्की करतो, हे कसे? कॉर्टिसॉल म्हणजे गावात पिटलेली दवंडी. शब्द सगळ्यांना तेच ऐकू येतात, पण ते ऐकून कोणी गुरे गोठ्यात घेतो, कोणी मुलांना हाका मारतो, कोणी उठून ग्रामपंचायतीकडे चालू लागतो. पेशीचेही तसेच. डीएनएचा बराचसा भाग प्रथिनांभोवती गुंडाळून बंद असतो आणि कुठला भाग उघडा राहील हे प्रत्येक जातीच्या पेशीचे आधीच ठरलेले असते. ग्राही मुख्यतः उघड्या जागीच बसतो. म्हणून संप्रेरक किती आहे एवढेच मोजून भागत नाही. ते ऐकणारी पेशी कोण आणि तिच्यात ग्राही किती व कुठला, हे पाहावे लागते.

हे कळायला वेळ लागला. हान्स सेल्ये यांनी 1936 साली ‘नेचर’मध्ये छोटे टिपण लिहून, वेगवेगळ्या त्रासांना शरीर एकाच ठशाचे उत्तर देते असे मांडले, तेव्हा मेंदू या गोष्टीत फारसा नव्हता. 1950 चे नोबेल पारितोषिक केंडल, राइश्टाइन आणि हेंच यांना मिळाले तेही अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरच्या कामासाठी, आणि त्याचा गवगवा झाला तो संधिवातावरच्या गुणामुळे. 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन टोचले. उंदरांत कॉर्टिसॉलच्या जागी हेच संप्रेरक असते. ते सर्वांत जास्त साठलेले आढळले ते हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी आणि जागांचे भान सांभाळणाऱ्या भागात. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा प्रयोग हाच. मूत्रपिंडाशेजारच्या ग्रंथीतून सुटलेला रेणू आठवणींच्या जागी जाऊन बसतो हे त्या दिवसापर्यंत कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

पुढे 1985 मध्ये नेदरलंड्समध्ये रॉयल आणि द क्लूट यांनी दाखवले की मेंदूत या संप्रेरकाचे ग्राही दोन प्रकारचे आहेत. त्याच वर्षी माणसाच्या ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीचे जनुक वेगळे काढण्यात आले. दुसऱ्याचे, मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राहीचे, 1987 मध्ये. पुस्तकात पहिल्याला जीआर आणि दुसऱ्याला एमआर म्हटले आहे. एमआरची पकड जीआरपेक्षा सुमारे दहापट घट्ट असते. त्यामुळे माणूस निवांत बसलेला असतानाही, रक्तात जे थोडेसे कॉर्टिसॉल असते तेवढ्यावर एमआर बहुतेक भरलेले असतात. जीआर मोकळे राहतात आणि ताणाच्या वेळी किंवा सकाळच्या भरतीला भरतात. प्रसंग काय आहे हे जोखण्याशी एमआरचा जास्त संबंध, आणि प्रसंग आवरून त्याची आठवण पक्की करण्याशी जीआरचा. दोघे एकाच खुणेवर जोडीनेही बसतात. माणसामाणसांत एकाच भीतीला वेगळे उत्तर का मिळते, याचे एक कारण या दोघांच्या तोलात आहे.

राजुऱ्यात बसून असे पुस्तक का लिहायचे, असे कोणीही विचारील. निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात असलेला हा तालुका 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठी मुलखात आला आणि 1959 मध्ये चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. वर्धा नदी ओलांडली की एका अंगाला सास्ती, पवनी, गोवरीच्या उघड्या कोळसा खाणी, दुसऱ्या अंगाला कापूस, सोयाबीन आणि तूर, आणि त्यांना लागून वाघाचे रान. राजुरा आणि विरूर वनपरिक्षेत्रात माणसे मारणारा आरटी-1 हा वाघ ऑक्टोबर 2020 मध्ये जेरबंद झाला. त्याआधीचे महिने ज्यांनी या गावांत काढले त्यांना ‘दीर्घ ताण’ या शब्दाची व्याख्या सांगावी लागत नाही. शेत सोडता येत नव्हते आणि शेतात जाववत नव्हते. तरी एकमेकांना सांगणे एकच: “भेऊन कसं चालन बाप्पा?” मला या वाक्याचा आदर आहे, त्याच्यावर घरे उभी राहिली आहेत. पण भिणे ही काही मनाची कमजोरी नव्हे, आणि हे ज्यांना कळायला हवे त्यांच्यापर्यंत मराठीतून पोचत नाही. या पुस्तकाच्या मुळाशी तेवढीच तळमळ आहे.

एकदा वाघ दिसणे आणि रोज वाघ दिसेल असे वाटत राहणे, हे शरीराच्या दृष्टीने दोन वेगळे प्रसंग आहेत. पहिल्यात कॉर्टिसॉल चढते, जीआर भरतात, आवर घालणारी जनुके चालू होतात आणि तास-दोन तासांत रक्त पूर्वपदावर येते. दुसऱ्यात ओहोटी नीट होत नाही. जीआर जी जनुके चालू करतो त्यांत एफकेबीपी-5 नावाचे एक आहे. त्यापासून बनणारे प्रथिन उलट जीआरलाच चिकटते, त्याची कॉर्टिसॉलवरची पकड सैल करते आणि केंद्रकात जाणे लांबवते. थोड्या वेळापुरती ही सोय उत्तम आहे. पण ताण थांबलाच नाही, तर हे प्रथिन साचत जाते, ग्राही बधिर होतात, आणि ‘पुरे’ हा निरोप मेंदूला ऐकू येईनासा होतो. मग ग्रंथी कॉर्टिसॉल ओततच राहते.

निरोगी माणसात कॉर्टिसॉल पहाटेपासून चढते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असते. या मोठ्या लाटेवर साधारण तासा-तासाच्या लहान लाटा असतात. ब्रिस्टलच्या स्टॅफर्ड लाइटमन यांचा गट वर्षानुवर्षे या लहान लाटांवर काम करतो आहे. दोन लाटांच्या मधल्या वेळेत ग्राही डीएनए सोडतात, जनुकाचे वाचन थांबते, पुढच्या लाटेला पुन्हा सुरू होते. तेवढेच संप्रेरक सपाट धारेने दिले, तर जनुके वेगळी वागतात. शिवाय शरीराच्या घड्याळाचे पर-1 हे जनुकही जीआरच्या हुकमाखाली आहे. आता आपल्याकडची रात्र पाहा. रानडुकरे आणि रोही पीक तुडवतात म्हणून माणूस पेरणीपासून काढणीपर्यंत मचाणावर जागल करतो, डब्बा वाजवतो, बॅटरी मारतो. खाणीतला माणूस आठवड्याआड तिसऱ्या पाळीला जातो. ज्या वेळी ग्राही मोकळे असायला हवेत त्या वेळी ते भरलेले, आणि ज्या वेळी भरती हवी त्या वेळी माणूस पांघरूण डोक्यावर ओढून पडलेला. जागलीवरून आलेला माणूस चिडखोर झाला, विसरभोळा झाला, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. ती त्याच्या स्वभावावर ढकलण्याआधी झोपेचे प्रकरण वाचावे.

दीर्घ ताणाने मेंदूत प्रत्यक्ष काय होते, याचा एक फार महत्त्वाचा पुरावा भारतातूनच आला आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, हालचाल करता येणार नाही अशा रीतीने जखडून ठेवले. 2002 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, आणि भीतीचे केंद्र असलेल्या अमिग्डलामधल्या फांद्या वाढल्या. संप्रेरक तेच, मेंदू तोच, तरी परिणाम एकमेकांच्या उलट. दोन वर्षांनी त्यांनी पुढचा भाग सांगितला, आणि तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. उंदरांना नंतर 21 दिवस ताणाशिवाय ठेवले, तेव्हा हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डलाची वाढ तशीच राहिली आणि उंदरांचा घाबरटपणाही. वाघ पिंजऱ्यात बसून नागपूरला गेला तरी पांदणीच्या तोंडाशी पाय का अडखळतो, याचे उत्तर उंदरांवरून थेट काढता येणार नाही. पण प्रश्न बाष्कळ नाही, एवढे तरी त्यातून ठरते.

याच गटाने नंतर आणखी एक गोष्ट दाखवली. एकदाच दिलेल्या मोठ्या ताणाचा परिणाम अमिग्डलात दहा दिवसांनी दिसू लागतो, आणि ताणाच्या वेळी कॉर्टिकोस्टेरॉनची पातळी आधीच चढवून ठेवली तर तो परिणाम रोखला जातो. म्हणजे संप्रेरक इथे राखण करते. मोठ्या आघातानंतर ज्यांना त्याच प्रसंगाची स्वप्ने आणि झटके येत राहतात, त्यांच्यातल्या अनेकांत कॉर्टिसॉल जास्त नसून कमी आढळते, असेही अभ्यास आहेत. ‘कॉर्टिसॉल कमी करा’ म्हणून चूर्णे आणि गोळ्या विकणाऱ्यांना हे सोयीचे नाही.

गोळ्यांवरून एक महत्त्वाची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती आपल्या भागात रोजची आहे. सांधेदुखीवर, दम्यावर, अशक्तपणावर म्हणून दिल्या जाणाऱ्या कितीतरी इंजेक्शनांत आणि गोळ्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते. ही औषधे याच जीआरवर बसतात. डेक्सामेथासोनने जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत कोविडच्या, ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांचे मृत्यू घटवले. ते चांगलेच औषध आहे. पण ते पियुषिकेला ‘पुरे’ असे सांगून शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल बंद करते, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतले एक प्रथिन त्याला बाहेर फेकत असल्यामुळे मेंदूत स्वतः कमीच पोचते. परिणामी मेंदूतले एमआर उपाशी राहू शकतात. झोप उडणे, मन खिन्न होणे, एकाएकी हुशारी वाटणे हे यातलेच. महिनोन्‌महिने घेतलेली अशी गोळी एका दिवसात बंद करणे जिवावर बेतू शकते. ती उतरवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानेच.

लहानपणाच्या प्रकरणाविषयी मला जरा सावध करायचे आहे. माँट्रियलला मायकेल मीनी आणि मोशे शिफ यांनी 2004 मध्ये दाखवले की उंदरांच्या ज्या पिल्लांना आई खूप चाटते, गोंजारते, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जीआरचे जनुक जास्त मोकळे राहते. ज्यांच्या वाट्याला हे कमी येते त्यांच्यात त्याच जनुकाच्या सुरुवातीला मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा जास्त बसतात. पिल्ले आदलाबदल करून दुसऱ्या आईकडे दिली की खुणाही वाढवणाऱ्या आईप्रमाणे पडतात. म्युनिकच्या एलिझाबेथ बिंडर यांच्या गटाने 2013 मध्ये माणसांत, बालपणी अत्याचार सोसलेल्यांपैकी एफकेबीपी-5 जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असणाऱ्यांत, त्या जनुकावरच्या अशाच खुणा कमी झालेल्या दाखवल्या. हे काम भारी आहे. पण त्यावरून ‘आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले’ किंवा ‘बापाचे दुःख मुलाच्या जनुकांत उतरले’ असे जे सरसकट बोलले जाते ते मला मान्य नाही. जिवंत माणसाच्या मेंदूतून नमुना घेता येत नाही; बहुतेक माप रक्तातल्या पेशींवरून काढलेले असते. आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे तीनला घर सोडणाऱ्या आईवर आणखी एक दोष ठेवण्यासाठी हे विज्ञान जन्मलेले नाही.

वाघालाही कॉर्टिसॉल असते आणि त्याच्या मेंदूतही हेच दोन ग्राही आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीच्या लॅकोन्स प्रयोगशाळेत गोविंदन उमापती आणि सहकाऱ्यांनी कान्हा व बांधवगडच्या वाघांची विष्ठा तपासून 2019 मध्ये सांगितले की पर्यटनाच्या दिवसांत तिच्यातले ताण-संप्रेरकांचे अंश पर्यटन बंद असतानापेक्षा जास्त असतात, आणि गाड्यांच्या संख्येशी त्याचा संबंध दिसतो. या पद्धतीत वाघाला हातही लावावा लागत नाही. मग जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांच्या केसांतले किंवा लाळेतले कॉर्टिसॉल वर्षभर मोजणे अवघड का असावे? वन्यप्राण्यांनी केलेल्या हानीच्या भरपाईत मृत्यू, अपंगत्व, जखम, मेलेली गुरे, नासलेले पीक या सगळ्यांचा विचार आहे. झोप न लागलेल्या महिन्यांचा नाही. पैसे द्या असे मी म्हणत नाही. हल्ला झालेल्या गावात पंचनाम्यापाठोपाठ समुपदेशकही जावा, पुढचे काही महिने जात राहावा, आणि आशाताईच्या वहीत झोपेचा एक प्रश्न असावा, एवढेच म्हणतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो वनपरिक्षेत्राच्या प्रत्येक फलकावर वाघाच्या चित्राखाली रंगवायला फार खर्च येणार नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. पहिल्या तीन प्रकरणांत ग्राही, डीएनए आणि दोहोंची गाठ आहे. ती घाईने वाचू नयेत. मधली प्रकरणे झोप, स्मृती आणि भीती यांची आहेत. त्यांतले बहुतेक प्रयोग नर उंदरांवर झालेले आहेत, ही या शास्त्रातली मोठी उणीव आहे, कारण मोह वेचणाऱ्या, पत्ता तोडणाऱ्या, सरपण आणणाऱ्या बहुतांशी बाया असतात, आणि त्यांतल्या काही पोटुशी असतात. पोटातल्या बाळाला आईच्या कॉर्टिसॉलचा पूर्ण मारा बसत नाही. वारेतले 11-बीटा-एचएसडी-2 नावाचे विकर त्यातल्या बऱ्याच भागाचे निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकते. हेच विकर मूत्रपिंडातल्या एमआरलाही राखते; प्रौढ मेंदूच्या बहुतेक भागात मात्र ते नसते, म्हणूनच तिथले एमआर कॉर्टिसॉलला खुले राहतात. आईचे कुपोषण आणि दीर्घ ताण यांनी वारेतले हे विकर कमी होते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत आढळले आहे. माणसांत ते किती खरे ठरते आणि त्यातले काय आहाराने सावरते, याची चर्चा शेवटच्या प्रकरणात आहे.